वल्ह्याच्या लाकडाचं पेन

लाकूड हलतं, हे मला कळायला पन्नाशी उलटावी लागली. हलतं म्हणजे जागेवरून उठून चालू लागत नाही. कापलेलं, रंधा मारलेलं, पॉलिश करून कपाटात ठेवलेलं लाकूडसुद्धा हवेप्रमाणे फुगतं आणि आकसतं. सुतारांच्या घरात हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. मी सुतार नव्हतो. मी टर्नर होतो, आणि तोही लोखंडाचा.

पोफळीच्या वीजघराच्या वर्कशॉपात माझी सगळी नोकरी झाली. शाफ्ट, बुश, पिना, असली कामं. लोखंडाचा एक गुण आहे, ते दिलेला शब्द पाळतं. आज व्हर्नियरनं जे माप घेतलं ते पुढच्या दिवाळीलाही तेच निघणार. एखाद्या भोकात पिन अशी बसवायची की ती नुसत्या हातानं आत जाऊ नये, हातोडीच्या हलक्या ठोक्यानं जावी आणि पुन्हा म्हणून निघू नये. ह्या घट्ट बसवण्यालाच आम्ही कसब म्हणत होतो. माझ्या हातची फिटिंग कॉलनीत नावाजलेली होती. ही फुशारकी नाही. पुढचा सगळा घोटाळा ह्या फिटिंगमुळेच झाला, म्हणून सांगणं भाग आहे.

१९९८ साली मुदतीआधी निवृत्ती घेऊन मी रत्नागिरीजवळ शिरगावच्या घरी परत आलो. रिकामा बसलो तर बायको बागेत पाणी घालायला लावील, ह्या भीतीनं चिपळूणहून एक जुना छोटा लेथ उचलून आणला आणि पडवीच्या एका कोपऱ्यात बसवला. लोखंड आणून करायचं काय, हा प्रश्न होता. लाकूड मात्र आवारात हवं तेवढं पडलं होतं. वादळात पडलेल्या फणसाच्या फांद्या, जुन्या गोठ्याचे वासे, खैराचे खुंट. मुंबईच्या एका बाजारात पेनांचे पितळी सुटे भाग मिळतात असं मेव्हण्यानं सांगितलं. म्हटलं, लोखंड हातात वळतंय तर लाकूड म्हणजे लोणी.

पेन कसं होतं ते आधी थोडक्यात सांगतो. अंगठ्याएवढ्या जाडीचा आणि वीतभरापेक्षा आखूड असा चौकोनी तुकडा कापायचा. त्याला मधून आरपार भोक पाडायचं. भोकात गोंद लावून पितळी नळी बसवायची. मग तो तुकडा सळईवर चढवून लेथवर गरागरा फिरवायचा आणि पटाशी धरून हवा तो आकार येईपर्यंत तासायचा. पॉलिश पेपरनं घासायचा, चपड्याचं पॉलिश द्यायचं. पुढं निमुळतं पितळी तोंड, मागं टोपी, आत रिफिल. झालं पेन.

सांगायला सोपं. पहिल्या महिन्यात माझ्याकडे जेवढी पेनं झाली त्याहून जळण जास्त झालं. ड्रिल एका बाजूनं मधोमध आत जायचं आणि दुसऱ्या बाजूनं भलतीकडेच बाहेर यायचं, कारण लाकडाला रेषा असतात आणि ड्रिल त्या रेषांचं ऐकतं, माझं नाही. खैराच्या तुकड्यात मी लोखंडाच्या जोरानं ड्रिल घातलं तर आतून धूर आला आणि तुकडा तडकन दोन झाला. लोखंडावर काम करताना तेल सोडता येतं, इथं ते लाकूड पिऊन टाकतं आणि मग गोंद धरत नाही. हळूहळू कळलं की ड्रिल जरा आत घालायचं, बाहेर काढायचं, भुसा झटकायचा, पुन्हा घालायचं. बायको, म्हणजे शैला, दारात उभी राहून बघायची. म्हणायची, "तुम्ही लोखंडाशीच बरे होतात. ते बिचारं काही बोलायचं नाही."

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. जयगडच्या बाजूचे एक बागायतदार आपल्या आवडत्या हापूसची वाळलेली फांदी गाडीत घालून घेऊन आले. कुणा साहेबांना त्यांच्या बागेची आठवण म्हणून पेन द्यायचं होतं. आंब्याचं लाकूड भुसभुशीत, त्याची पेटी करावी, पेन करू नये, असं मी त्यांना सांगून पाहिलं. "अहो, आंबा खाताना साहेब लाकूड बघत नाहीत, आता बघतील," म्हणाले. केलं. दिसायला बरं झालं. पावसाळा संपता संपता ते पुन्हा आले, चेहरा पडलेला. साहेबांच्या टेबलावर पेनाखाली रोज सकाळी पिवळ्या पिठाची चिमूट पडायची. शिपाई पुसायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. लाकडात भुंग्याची अंडी होती आणि आत संसार सुरू झाला होता. साहेबांनी पेन टाकलं नाही हा त्यांचा मोठेपणा. तेव्हापासून आंब्याचं लाकूड मी आधी औषधाच्या पाण्यात उकळल्याशिवाय हातात घेत नाही.

पण हे सगळे किरकोळ अपघात. ज्या चुकीनं मला लाकूड शिकवलं ती महादेवनानांच्या वल्ह्याची.

आमच्याकडे मासे घेऊन यायच्या त्या पारूबाई. आरे-वाऱ्याच्या अलीकडे त्यांची वाडी. महादेवनाना हे त्यांचे यजमान. एकेकाळी किनाऱ्यावरून जाळी ओढणाऱ्या रापणीचे म्होरके. रापण मोडली, मासळी ट्रॉलरवाल्यांकडे गेली आणि नानांची होडी माडांखाली पालथी पडून राहिली. त्यांना एकच मुलगी, सुनंदा. बी.एड. झाली आणि सोलापूरकडे एका शाळेत तिला नोकरी लागली. नानांचं म्हणणं, रत्नागिरीत मिळेपर्यंत थांब. तिचं म्हणणं, मिळालीय ती घेते. जायच्या दिवशी सकाळी शब्दानं शब्द वाढला आणि वाडीतली चार माणसं उभी असताना ती बोलून गेली, "ह्या समुद्रानं आपल्याला वासाशिवाय काय दिलं?" नाना काही बोलले नाहीत. नंतरही बोलले नाहीत. दुकानात तिचा फोन आला की पारूबाई धावत जायच्या आणि नाना उठून खाली वाळूत जाऊन बसायचे. "जल्माचा मुका झाला ह्यो मानूस," पारूबाई बांगडे भरलेली टोपली उतरवताना शैलाला सांगायच्या. "पोरगी इचारते, बाबा बरे हायत ना? मी काय सांगू? जेवतात, झोपतात. बोलत नायत."

श्रावणात एका सकाळी नाना स्वतः आमच्या पडवीत येऊन उभे राहिले. डोक्यावर प्लॅस्टिकचं खोळं, काखेत फडक्यात गुंडाळलेला दांडा. वल्ह्याची मूठ होती. वल्हं मधूनच करवतीनं कापलेलं.

"भाऊ, ह्याचा पेन होईल काय?"

मी मूठ हातात घेतली. उंडीचं लाकूड, लालसर. इतकी वर्षं हात फिरून फिरून ती गुळगुळीत आणि काळी झाली होती. बोटं बसायची तिथं खोलगट भाग पडला होता.

"होईल. कुणासाठी?"

"हाय एक मास्तरीण."

मी पुढं विचारलं नाही. त्यांना अडचण सांगणं मात्र भाग होतं. लेथवर लाकूड गोल करताना जे निघून जातं ते वरचंच असतं. म्हणजे हाताचा घाम, तेल, सगळी वर्षं ज्या भागात मुरली होती तोच भाग माझ्या पायाशी भुसा होऊन पडणार होता. मी तसं सांगितलं. नानांनी मूठ परत घेतली, उलटसुलट बघितली.

"मग ऱ्हाईल काय?"

"आतलं लाकूड."

"आतला पण वल्ह्याचाच ना? खारा पाणी आतवर गेलाय तेच्या. करा."

"पोस्टानं पाठवतो. कुणाकडून म्हणून लिहू?"

"कायएक लिवायचा नाय," नाना खोळं सावरत म्हणाले. "लाकूड वळखील ती."

ते गेल्यावर शैला बाहेर आली. तिनं आतून सगळं ऐकलं होतं. "राग गेला म्हणायचं की टोमणा म्हणायचा हा?" तिनं विचारलं. मला एवढंच दिसत होतं की ह्या माणसाला मुलीला जे काही सांगायचं होतं ते त्यानं त्या लाकडावर सोपवलं होतं, आणि लाकूड माझ्याकडे दिलं होतं.

मी ते काम मन लावून केलं. मुठीतून दोनच तुकडे निघण्यासारखे होते. दुसरा जादाचा म्हणून बाजूला ठेवायचा, ही वर्कशॉपची सवय. पहिला तुकडा मी मधोमध न कापता कडेनं घेतला, म्हणजे तासून झाल्यावरही एका अंगाला, जिथं काळेपणा खोल उतरला होता, तो पट्टा शिल्लक राहावा. तसा राहिला. लाल पेनाच्या एका बाजूनं नखाएवढा रुंद काळा पट्टा. नळी बसवताना तर मी माझं सगळं कसब पणाला लावलं. व्हर्नियर लावून भोक असं पाडलं की पितळी नळी दाबताना आतली हवा बाहेर पडल्याचा हलका आवाज आला. असा आवाज आला की टर्नरला जेवण गोड लागतं. बाहेर धो धो पाऊस, पडवीत भिंतींना ओल, आणि मी माझ्या फिटिंगवर खूश.

पेन पोचलं. पारूबाईंनी निरोप आणला, "मिळाला म्हणते. बाकी काय बोलली नाय." ओळखलं की नाही, बरं वाटलं की लागलं, काही कळलं नाही. नाना मधूनमधून येऊ लागले. पायरीवर बसायचे, लेथ फिरताना बघायचे.

"काय कळला काय?"

"पोचलं एवढंच कळलंय, नाना."

"हां," म्हणायचे आणि थोड्या वेळानं उठून जायचे.

तोवर माझ्या पेनांना बरे दिवस आले होते. स्टँडाजवळचा एक दुकानदार काचेच्या कपाटात ती ठेवायचा. गणपतीला पुण्या-मुंबईची माणसं यायची, जाताना आमसुलं, फणसपोळी आणि पेन घेऊन जायची. थंडी पडली आणि त्या दुकानदाराचा मला निरोप आला. गेलो तर त्यानं कागदाची पुडी उलगडून पुढं ठेवली. पेनं होती. प्रत्येकाला उभी चीर, इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत, आतली पितळी नळी चमकताना दिसत होती.

"पाडली असतील," मी म्हणालो.

"अहो, सगळ्या पुण्यानं ठरवून तुमचीच पेनं पाडली?" तो म्हणाला. मग त्यानं एक गोष्ट सांगितली, जी त्याच्या लक्षात आली होती आणि माझ्या आली नव्हती. इथं रत्नागिरीत राहिलेलं एकही पेन चिरलेलं नव्हतं. परत आली ती सगळी घाटावरून.

मी घरी येऊन गोंद बदलला. मग पॉलिश बदललं. मग लाकूड बदललं, फणसाऐवजी शिसव घेतलं. घाटावर गेलेलं पेन चिरायचं ते चिरायचंच. माझा स्वभाव मूळचा शांत, पण त्या दिवसांत मी पडवीत पटाशी आपटत होतो. इतका नाद करून एक साधं पेन धड राहू नये, ह्याचा मनस्वी संताप यायचा. बायकोनं एकदा लेथवर चक्क कापड टाकून ठेवलं होतं, जसं पोपटाच्या पिंजऱ्यावर टाकतात.

शेवटी मेव्हण्यानं दापोलीच्या एका प्राध्यापकांचं नाव सांगितलं. लाकडाचाच विषय शिकवायचे. मी चिरलेल्या पेनांची पिशवी आणि पडवीतले काही तुकडे घेऊन एसटीनं दापोली गाठली. प्राध्यापक अगदी मोकळा माणूस. त्यांनी पेनं बघितली, एक तुकडा उचलला, नाजूक काट्यावर त्याचं वजन केलं आणि तो वाळवायच्या भट्टीत ठेवून आम्ही चहा प्यायला गेलो. गप्पा मारून जेवणं उरकून परत आलो तेव्हा त्यांनी पुन्हा वजन केलं. मला वाटलं काटा बिघडला.

"एवढं कमी?"

"एवढं पाणी होतं त्यात. किती सुकवलं होतं तुम्ही?"

"दोन वर्षं. पडवीत, सावलीत, पावसाचा थेंब लागू न देता."

"दहा वर्षं ठेवलंत तरी तेच," ते म्हणाले. "लाकूड सुकतं म्हणजे भोवतालच्या हवेइतकं सुकतं. तुमची हवाच ओली. तुमच्याकडे जे वाळलेलं लाकूड, ते घाटावर ओलं लाकूड. तिकडे गेलं की उरलेलं पाणी सोडतं आणि आकसतं. आणि आत तुम्ही पितळ घालून ठेवलंय, ते तर आकसत नाही." त्यांनी एक चिरलेलं पेन डोळ्यांशी धरलं. "नळी फार सुरेख बसवलीय हो. इतकी चांगली बसवली नसतीत तर ही पेनं वाचली असती."

आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी शाबासकी घेतली तीच गोष्ट इथं चूक होती. आणि गंमत अशी की ही चूक करायला माणूस लोखंडाचा टर्नरच लागतो आणि कोकणातच राहणारा लागतो. घाटावरचा टर्नर असता तर त्याचं लाकूड मुळात कोरडं असतं. कोकणातला सुतार असता तर त्यानं भोक सैल ठेवलं असतं.

परतीच्या एसटीत खेडच्या घाटात कुठंतरी मला एकदम सोलापूर आठवलं. श्रावणात कापलेलं लाकूड, त्यात मीठ मुरलेलं, म्हणजे आणखी पाणी धरून बसलेलं. माझी सगळ्यात घट्ट फिटिंग. आणि पाठवलं कुठं, तर जिथं उन्हाळ्यात ओठ फुटतात तिथं. ते पेन चिरलं असणार ह्यात शंकाच नव्हती. बापानं न बोलता पाठवलेली एकच गोष्ट तिच्या हातात उभी फाटली असेल, आणि तिनं त्याचा काय अर्थ लावला असेल तो देव जाणे. बाकीच्या गिऱ्हाइकांना मी दुसरं पेन देऊ शकत होतो. हिला द्यायला माझ्याकडे वल्ह्याचा एकच तुकडा उरला होता.

नानांना हे सांगावं की नाही, ह्यावर आमच्या घरी बरीच खलबतं झाली. शैला म्हणाली, "आधी दुसरं धड होतंय का बघा. हातात काही नसताना कशाला सांगायला जाता?" ते मला पटलं. नाना येत होते, पायरीवर बसत होते, "काय कळला काय?" विचारत होते. मी लेथकडे तोंड करून "नाही अजून" म्हणत होतो.

मी एक खोकं केलं, आत विजेचा दिवा बसवला आणि त्यात लाकूड सुकवायला ठेवलं. पण वीज जायची. ज्या वीजघरात जन्म घालवला त्याची वीज माझ्या खोक्याला मिळेना, ह्यावर शैला किती हसली असेल. मग तिनंच सांगितलं, पावसात आमसुलं कुठं वाळवतो आपण? चुलीच्या वरच्या फळीवर. तिथं ठेवा. ठेवलं. "आमसुलांना तुमच्या लाकडाचा वास लागला तर सगळं सार तुम्ही एकट्यानं प्यायचं," अशी तिची अट होती. सोनाराकडून जुना काटा आणला. तुकडा खाली काढायचा, तोलायचा, पुन्हा वर ठेवायचा. वजन उतरत राहिलं. उतरायचं थांबलं तेव्हाच लाकूड सुकलं असं समजायचं, हे मी दापोलीला शिकून आलो होतो.

वल्ह्याच्या तुकड्याला हात लावण्याआधी मी उंडीचे दुसरे तुकडे घेऊन बरीच पेनं बिघडवली. भोक सैल ठेवायचं म्हणजे किती सैल, हे मला जमेना. हाताला सवयच नव्हती. नळी आत घातली की ती खुळखुळायची आणि मला लाज वाटायची. फटीत भरायला कडक गोंद चालत नाही, रबरासारखा थोडा दबणारा लागतो. तयार झालेली पेनं मी पुन्हा चुलीवरच्या फळीवर नेऊन ठेवायचो आणि चिरतात का बघायचो. चिरायची बंद झाली तेव्हा वल्ह्याचा तुकडा लेथवर चढवला. ह्यात काळा पट्टा अगदी अरुंद आला, पण आला. ते पेन माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं पेन. त्यानंतर मी अनेक वर्षं पेनं केली, ती दिल्लीला गेली, आखातात गेली, एकही परत आलं नाही. पण त्याच्या तोडीचं पुन्हा झालं नाही.

मे महिन्यात पारूबाईंनी सांगितलं, सुनंदा आलीय. मी पेन खिशात घालून वाडीवर गेलो. नाना पडवीत जाळं पसरून बसले होते. वापरात नसलेलं जाळं, तरी दुरुस्त करत होते. सुनंदा आतून पाणी घेऊन आली. उन्हानं रापली होती, मास्तरीण शोभत होती. येऊन आठवडा झाला होता, आणि बापलेकीत अजून एक शब्द झाला नव्हता, हे पारूबाईंनी मला दारातच कानात सांगितलं.

मी फार आडवळणं घेतली नाहीत. "सुनंदा, ते पेन चिरलं ना?"

तिनं दचकून नानांकडे बघितलं. नानांचे हात जाळ्यात थांबले.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "लाकूड ओलं होतं आणि नळी घट्ट बसवली. ह्यात दुसऱ्या कुणाचा काही दोष नाही. नानांचा तर नाहीच." आणि नवं पेन काढून तिच्या हातात दिलं. "हे त्याच वल्ह्याचं. हे चिरणार नाही. जुनं मला परत दे."

तिनं ते फिरवून बघितलं. काळ्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला. "छान झालंय, काका," म्हणाली. मग आत जाऊन पर्स घेऊन आली आणि जुनं पेन काढलं.

चीर होती, मी मनात धरली होती त्याहून मोठी. पण पेन सुटं झालं नव्हतं. चिरेवर तिनं पांढऱ्या दोऱ्याचे वेढे दिले होते, एकाला एक लागून, ओळीनं, आणि शेवटचं टोक वेढ्यांखालून ओढून घेतलं होतं. फुटलेलं वल्हं दर्यावर्दी माणसं असंच बांधतात. रिफिल अर्ध्यावर आली होती. म्हणजे ती ह्यानंच लिहीत होती.

"ह्याच्यानं भागतंय माझं," ती म्हणाली, आणि नवं पेन मला परत दिलं.

मी तिला कारागिराच्या भाषेत समजावू लागलो. चीर वाढेल, नळी हिरवी पडेल, एक दिवस हातात तुकडे येतील. ती नुसती मान हलवत होती. तेवढ्यात नानांनी हात पुढं केला. माझ्याकडे नाही, तिच्याकडे.

तिनं जुनं पेन त्यांच्या हातात ठेवलं. नानांनी ते उजेडात धरलं. वेढ्यांवरून नख फिरवलं. मग टोक शोधून काढलं आणि सगळा दोरा भराभर उलगडून टाकला. पेन तोंड उघडल्यासारखं फाकलं. पारूबाई आतून "अवो, काय करताव!" म्हणून ओरडल्या. सुनंदाच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

"नायलॉन हाय ह्यो," नाना म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळायला आम्हाला एक क्षण लागला. "नायलॉन धरायचा नाय लाकडाला. सरकतो. कुनी शिकवलान तुला?"

"कुणी नाही," सुनंदा म्हणाली. "तुम्हाला बघून."

"नीट बघितलंस नाय मग."

ते उठून आत गेले आणि सुती दोऱ्याची गुंडी आणि राळेचा खडा घेऊन आले. दोरा राळेवरून ओढला, पुन्हा ओढला. खाली बसले. "हिकडं बस. ह्यो टोक धर. ताण ठेव. आजून. हां." ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली, टोक धरून. ते पेन फिरवत होते, ती दोरा सोडत होती. चीर मिटत गेली. दोघांची डोकी इतकी जवळ आली होती की मला पेन दिसेना.

"तिथं सोलापुरात लोक इचारतात, दोरा कशाला गुंडाळलाय," ती खालमानेनं म्हणाली.

"मग काय सांगतेस?"

"वल्हं आहे म्हणते."

नानांनी गाठ आवळली आणि उरलेला दोरा दातानं तोडला. पेन तिच्या हातात दिलं. तिनं दाबून बघितलं, वेढे दगडासारखे घट्ट बसले होते.

"आता सुटणार नाही ना?"

"सुटल," नाना म्हणाले. "सुती दोरा सालभर ऱ्हातो. मंग नवा बांधाया लागतो."

"मला नाही येणार असा बांधता."

"तू कशाला बांधतेस? मे म्हयन्यात घेऊन ये." त्यांनी जाळं पुन्हा मांडीवर ओढलं. "गनपतीला पन आन. बघून ठेवू."

पारूबाई पदर तोंडाला लावून दारात उभ्या होत्या. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. कधीही न चिरणारं ते पेन मी परत खिशात घातलं आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठलो.